शेवटच्या रिळाचा माग

१

पडदा पांढराफटक पडला तेव्हा शेषगिरीराव खुर्चीच्या अगदी कडेवर येऊन बसले होते, आणि तोंडातलं पान चघळायचं कधीच राहून गेलं होतं. ही गोष्ट त्यांनी पुढे कुणाकडे कबूल केली नाही. पण शेजारी बायको बसलेली, तेव्हा लपणार काय, कपाळ!

खरं तर राव आले होते ते चक्क झोप काढायला. रेल्वेच्या क्लेम्स खात्यात इन्स्पेक्टर म्हणून त्यांचा उभा जन्म गेला होता. येलहंक्यापासून हुबळीपर्यंत कुणाचं पार्सल हरवलं, की राव त्याच्या मागावर. अशा माणसाचा एकुलता एक मुलगा, त्रिविक्रम, कॉलेजातली मास्तरकी सोडून सिनेमा काढायला निघाला, तेव्हा राव एवढंच म्हणाले होते, "नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा."

चित्रपट कन्नड होता. नाव 'अट्टद मेले', म्हणजे 'माळ्यावर'. त्यात देव नाही, राक्षस नाही, एक धड गाणं नाही. एक तरुण विधवा, तिचं सासर, आणि भर दुपारी माळ्यावर वाजणारी पावलं. पावलं फक्त तिलाच ऐकू येतात. "हे बघायला कोण येणार? तुझी आई?" असं राव म्हणाले होते, आणि आज सकाळी बंगळुरातल्या पेटेतल्या टॉकीजात ओळखीपाळखीच्या मंडळींसाठी ठेवलेल्या खेळाला ते छत्री घेऊन, मान टेकायला कोपऱ्यातली खुर्ची हेरून बसले होते.

आणि मग काय झालं कोण जाणे! ती बाई पडद्यावर वर बघायला लागली की रावही वर बघायला लागले. तिचा दीर इतका गोड बोलायचा, काढा आणून द्यायचा, की रावांनाच वाटायला लागलं, बाईच्या डोक्यात खरंच बिघाड असावा. शेवटी ती माळ्याच्या जिन्यावर रांगोळीची भुकटी पसरते. दार लावून झोपते. उठून बघते तर भुकटीत पावलं उमटलेली. ती आपला पाय त्यातल्या एका ठशावर ठेवते, आणि तो ठसा तिच्या पायाला तंतोतंत बसतो.

"अगं आई गं!" वसुमतीबाई म्हणाल्या. आणि तेवढ्यात पडदा पांढरा.

"पुढं? अहो, पुढं काय झालं?" आख्ख्या थेटरात पहिला ओरडला तो कोण, तर आपले शेषगिरीराव.

उत्तर वरून, मशीनच्या खोलीतून आलं. त्रिविक्रमचा आवाज चिरकला होता. "अप्पा, वर या! शेवटच्या डब्यात आपलं रीळच नाही!"

२

मशीनच्या खोलीत चार माणसं उभी होती आणि चौघांचेही चेहरे उतरले होते.

पहिला त्रिविक्रम. दुसरा ऑपरेटर यल्लाप्पा, हातात उघडा डबा धरून. तिसरा गुंडो, त्रिविक्रमचा भागीदार आणि पडद्यावरचा तो गोडबोल्या दीर. चौथा थेटरचा मॅनेजर संताजी, याची सात पिढ्यांपासूनची बंगळुरी मराठी, अर्धी कन्नडच. डब्यात फिल्म होती, पण ती कापून टाकलेल्या तुकड्यांची, चिकटवून गुंडाळलेली. वजन बरोबर, आत सगळा कचरा.

"दुसरी प्रत?" रावांनी विचारलं.

"दुसरी प्रत काढायची ऐपत कुठली, अप्पा. मद्रासहून ही एकच आली, काल संध्याकाळी." त्रिविक्रम भिंतीला टेकला. "खाली कल्लाप्पाशेठ बसलेत. उत्तर कर्नाटकातली सगळी थेटरं त्यांच्या हातात. ते आज संध्याकाळच्या मेलनं परत जाणार. शेवट बघितल्याशिवाय ते चित्रपट घ्यायचे नाहीत, आणि त्यांनी नाही घेतला तर तो डब्यातच कुजणार. माझं सगळं त्यात आहे, अप्पा."

संताजीनं मान हलवली. "राव, मी मॅटिनीपर्यंत थेटर देतो. मग माझा पौराणिक खेळ आहे. आता बेड, नको, म्हणू नका, मला पब्लिकला तोंड द्यायचंय."

रावांनी पोराकडे पाहिलं. काल रात्रीपर्यंत ज्या सिनेमाला ते नावं ठेवत होते, त्याच सिनेमाचा शेवट आता त्यांना हवा होता.

"शेवट काय आहे रे?" त्यांनी हळूच विचारलं.

"तो पडद्यावरच बघायचा, अप्पा. मी आणि गुंडो सोडून इथं कुणालाच माहीत नाही. आईलासुद्धा सांगितलं नाही."

"सरी, बरं," राव म्हणाले आणि त्यांनी चष्मा पुसला. क्लेम्स खात्यातल्या लोकांना ठाऊक होतं, की राव चष्मा पुसायला लागले म्हणजे कुणाची तरी शंभरी भरली.

"वस्तू कधी हरवत नसते," ते म्हणाले. "ती कुणाला तरी हवी असते, नाहीतर कुणाला तरी नको असते. आता एकेकानं बोला."

३

संताजी आधी बोलला. चोरीचा आळ आपल्यावर येणार हे त्याला कळत होतं. "हो राव, मी म्हणालो होतो, असला चित्रपट एक खेळही चालायचा नाही. खोटं कशाला बोलू? पण आज मी दाराशी उभा राहून बघितला. त्या बाईनं भुकटी पसरली तेव्हा माझ्या हातातली तिकिटं खाली पडली. मी चोरीन कशाला? मलाच शेवट हवाय!"

यल्लाप्पा म्हणाला, डबे आले तसे त्यानं ओळीनं मांडले. शेवटचा डबा त्यानं आत्ताच, लावायची वेळ आली तेव्हा उघडला. मधे तो खोली सोडून गेला नाही. चहासुद्धा त्यानं तिथंच प्याला होता, आणि कप अजून मशीनजवळ पडला होता.

राहिला गुंडो. गुंडोला घाम फुटला होता. "डबे आज सकाळी घोड्याच्या जटक्यातून मीच आणले, राव. थेट इथं."

"थेट?"

"थेट."

"मग तुझ्या शर्टावर कॉफी कसली?"

गुंडोनं खाली पाहिलं. "अय्यो... स्वल्प थांबलो होतो. हॉटेलात. जटका बाहेर उभा होता."

त्रिविक्रम उसळला. "गुंड्या! तुला शेवट बदलायचा होता! त्या विधवेचं लग्न लावून टाकू म्हणत होतास! आणि डबे रस्त्यावर टाकून कॉफी पीत बसलास?"

"म्हणून मी तुझं रीळ चोरीन? त्रिवि, माझं तोंड सगळ्या चित्रपटात आहे रे! मला काय वेड लागलंय?"

दोघं एकमेकांच्या अंगावर जायच्या बेतात होते. रावांचं मात्र तिकडे लक्षच नव्हतं. त्यांनी त्या कचऱ्याच्या गुंडाळीचं टोक डोळ्यांजवळ धरलं होतं. मोकळं सुटू नये म्हणून ती गुंडाळी एका दोऱ्यानं बांधली होती. दोरा पांढरा, जाडाभरडा, मधेच फुगलेला आणि मधेच बारीक. रावांचा जन्म गाठी बघण्यात गेला होता. गाठीवरून ते पार्सल बेळगावात बांधलं की बेल्लारीत, हे सांगायचे. हा दोरा कुठल्या दुकानातला नव्हता. हा हातानं वळलेला कापूस होता, देवापुढे वाती करतात तसला.

म्हणजे हॉटेलसमोर उभ्या जटक्यातून कुणी हे केलं नव्हतं. काल रात्री हे डबे रावांच्याच चामराजपेटेतल्या घरात, समोरच्या खोलीत ठेवलेले होते, आणि असले कापलेले तुकडे त्रिविक्रमच्या खोलीत नेहमीच पडलेले असत.

गुंडोनंही दोरा पाहिला होता. तो हळूच म्हणाला, "राव, राग मानू नका. पण तुमच्याकडे देवघरातल्या वस्तूला, मडीच्या म्हणजे सोवळ्याच्या कपड्याला कुणी हात लावत नाही. लपवायला त्यासारखी जागा नाही."

राव एकदम वळले. "देवघरात ते मिळणार नाही," ते म्हणाले. "तिथं ते असणंच शक्य नाही. कल्लाप्पाशेठना जेवायला बसवा. मी येईपर्यंत त्यांना उठू देऊ नका, काय वाटेल ते करा!"

त्यांनी बायकोचा हात धरला आणि ते जिना उतरले. काल रात्री त्या घरात झोपलेल्या बायका दोनच होत्या, आणि त्यांतली एक आत्ता त्यांच्याबरोबर जिना उतरत होती.

४

"माझ्यावर संशय आहे होय?" जटक्यात बसता बसता वसुमतीबाईंनी विचारलं. त्यांचे डोळे भरून आले होते. "डबे आले तेव्हा त्यांना हळदकुंकू मी लावलं. वाती मीही वळते. धरा मला!"

"हळदकुंकू लावल्यावर तू काय केलंस?"

"काय म्हणजे? हात धुतले आणि भात टाकला."

"अंघोळ नाही केलीस?"

"रात्रीची? कशाला?"

"झालं तर मग," राव म्हणाले. "तू सुटलीस."

घोडा चालू लागला. रावांचा आवाज आता वेगळाच झाला होता. "वसू, आठव. गेल्या वर्षी त्रिविक्रम जेवताना फुशारकी मारत होता, की फिल्मवर जो थर असतो त्यात जनावराची हाडं उकळून काढलेला सरस असतो. त्या दिवसापासून एक माणूस त्या फितीच्या वाऱ्याला उभं राहत नाही. त्रिविक्रमच्या खोलीचा केर काढत नाही."

वसुमतीबाईंनी तोंडावर हात घेतला.

"आज सकाळी निघताना मी परसात चूळ भरायला गेलो. काठीवर मडीची दोन लुगडी वाळत होती. दोन्ही ओली, पाणी गळत होतं. आज ना एकादशी, ना श्राद्ध. तू सणावाराशिवाय मडी नेसत नाहीस. एक लुगडं पहाटेच्या अंघोळीचं, ठीक. दुसरं कशाचं? घरातल्या दुसऱ्या कुणी डब्याला हात लावला असता तर हात धुऊन मोकळं झालं असतं. फक्त एकच बाई अशी, की तिनं त्या फितीला शिवल्यावर पुन्हा डोक्यावरून पाणी घेतल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नसतं. आणि तीच बाई ती फीत देवघरात मरेपर्यंत नेणार नाही."

"अहल्याक्का," वसुमतीबाई कुजबुजल्या.

अहल्या ही रावांची धाकटी बहीण. वीसेक वर्षांपूर्वी सासरच्यांनी तिला परत पाठवलं होतं. नवरा गेल्यावर तिला घरात कुणीतरी चालल्याचे आवाज येतात, डोकं फिरलंय, असं सांगून. राव स्वतः जाऊन तिला घेऊन आले. त्या विषयावर घरात पुन्हा कुणी चकार शब्द काढायचा नाही, असा त्यांचाच दंडक होता. त्रिविक्रमला वाढवला तो तिनंच.

"अहो, पण ती त्याच्या वाईटावर कशी येईल? जीव आहे तिचा त्याच्यात!"

"तेच तर मला कळत नाही," राव म्हणाले. "चोर सापडला, कारण सापडत नाही. आणि डबा कुठं असेल ते आता सांगतो. शिवल्यावर जिला अंघोळच करायची, ती टाकून येणार कुठं? न्हाणीघराच्या वाटेवर. सरपणात. काखेत कळसा आणि आपण गावाला वळसा घालत होतो."

जटका गल्लीत वळला, आणि वसुमतीबाईंनी रावांचा दंड घट्ट धरला. मागच्या अंगाला, न्हाणीघराच्या धुराड्यातून काळा धूर निघत होता.

५

राव त्या वयात धावले. छत्री जटक्यातच राहिली.

न्हाणीघरात तांब्याच्या हंड्याखाली नारळाची सोडणं पेटली होती. समोर अहल्याक्का पाटावर बसली होती आणि मांडीवर गोल पत्र्याचा डबा होता. झाकण अजून घट्ट बसलेलं होतं.

"शेषण्णा," ती वळून न बघताच म्हणाली, "पहाटेपासून जाळायचं म्हणतेय. हात होत नाही. पोरानं रक्ताचं पाणी केलंय यासाठी."

राव तिच्यासमोर उकिडवे बसले. दम लागला होता. "मग घेतलंस कशाला?"

"समोरच्या खोलीत ते दोघं तालमी करायचे. मी आत पोळ्या लाटत असायचे. गुंडो मोठ्यानं म्हणायचा, 'ही बाई वेडी आहे, हिचं काही ऐकू नका.' रोज तेच. माळा तोच, पावलं तीच, वाक्यही तेच, माझ्या दिराचं." तिनं भावाकडे पाहिलं. "मी त्रिविक्रमला लहानपणी सांगितलं होतं रे सगळं. त्याला एकट्याला. त्यानं त्याचा सिनेमा केला. शेवटी ती वेडी निघते ना, शेषण्णा? सगळ्या गावासमोर? खरं सांग."

राव सांगणार काय? त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं. आणि सकाळी, त्या काळोखात बसून, त्यांनी स्वतःच त्या बाईला मनातल्या मनात वेडी ठरवलं होतं.

"मला माहीत नाही," ते शेवटी म्हणाले. "शपथ. पण त्रिविक्रम तुझ्या हाताखाली वाढलाय. तुझी अब्रू वेशीवर टांगील, असं पोर तू वाढवलंस का? तुला काय वाटतं?"

तिनं डब्याच्या कडेवरून बोटं फिरवली.

"तू चल. स्वतः बघ. तू नुसता हात वर केलास, तर मी मशीन बंद पाडीन. कल्लाप्पा गेला उडत."

"मी? थेटरात?" अहल्याक्का जन्मात थेटरात गेली नव्हती. तिनं हंड्यातल्या तापलेल्या पाण्याकडे पाहिलं, मग मांडीवरच्या डब्याकडे. "आता शिवलेच आहे," ती म्हणाली आणि डबा काखेत मारून उठली.

६

"डबा घरीच राहिला होता. माझी चूक," थेटरात पाऊल टाकताच रावांनी जाहीर करून टाकलं. "तुकड्यांची गुंडाळी मीच भलत्या डब्यात भरली. म्हातारपण, दुसरं काय!" त्रिविक्रमनं आत्याकडे बघितलं, तिच्या काखेतल्या डब्याकडे बघितलं, आणि शहाण्या पोरानं एक शब्द विचारला नाही. डबा घेऊन तो जिना चढला. गुंडोला मात्र त्यानं जाता जाता मिठी मारली.

कल्लाप्पाशेठ जेवणावर सुस्तावून घड्याळ बघत होते. "राव, आमची मेल चुकवू नका म्हंजे झालं," ते म्हणाले. दिवे गेले.

अहल्याक्का रावांच्या शेजारी, पदर घट्ट लपेटून बसली होती. पडद्यावर तोच जिना, तीच भुकटी, तीच पावलं. सगळं घर जमलेलं. दीर हात जोडून पंचांना सांगतो, "ही बाई वेडी आहे, हिचं काही ऐकू नका. पावलं हिचीच आहेत, बघा, हिच्याच मापाची."

अहल्याक्काचा हात वर जायला लागला. राव उठायच्या बेतात होते.

पण पडद्यावरची ती बाई खाली बसली होती. तिनं एका ठशावर बोट टेकवलं. अंगठ्याशेजारच्या बोटाच्या मुळाशी, भुकटीत एक आडवी खाच उमटली होती. सगळ्याच ठशांत होती. सकाळी सगळ्यांनी ती पाहिली होती, आणि कुणालाच दिसली नव्हती. बाईनं आपला पाय लुगड्याबाहेर काढला.

"ही जोडव्याची खूण आहे," ती शांतपणे म्हणाली. "मी विधवा. माझ्या पायांत जोडवी कुठं आहेत?"

कॅमेरा हळूहळू वळला. जमलेल्या घरात तिच्याच मापाच्या पायांची एकच सवाष्ण होती, दिराची बायको, आणि ती आपले पाय निऱ्यांत ओढून घेत होती. वेडी ठरली की विधवेच्या वाटणीची जमीन दिराचीच.

"शाब्बास गं बाई!" कुणीतरी ओरडलं. बहुतेक संताजीच. मग टाळ्या. टाळ्या थांबेनात. कल्लाप्पाशेठ उभे राहून पागोटं सावरत म्हणत होते, "अगागागा! हुबळीत लावतो, धारवाडात लावतो, बेळगावात लावतो! आन् मेल गेली तरी चालंल, मला परत एकदा पैल्यापास्नं दावा!"

अहल्याक्काचा हात अर्ध्यावरच राहिला होता. तो तिनं रावांच्या हातावर ठेवला. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"होतं ना रे शेषण्णा कुणीतरी?" ती म्हणाली. "माळ्यावर? होतं ना?"

"होतं," राव म्हणाले. "होतंच. माझ्या पोराला कळलं ते मला कळलं नाही."

दिवे लागले. त्रिविक्रम जिन्यावरून उतरून सरळ आत्यापाशी आला आणि सगळ्यांदेखत तिच्या पायाशी वाकला. लोक विचारायला लागले, ही बाई कोण? शेषगिरीराव छाती फुगवून उभे राहिले. सकाळी ज्या माणसानं झोपायला कोपरा हेरला होता, तो आता येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत होता, "हा माझा मुलगा. हा चित्रपट त्यानं काढलाय. आणि ही माझी बहीण. ही नसती तर चित्रपटही नसता."

कुणीतरी त्यांना विचारलं, "कसा वाटला, राव?"

"कसा म्हणजे? मी आधीपासूनच म्हणत होतो!" राव ठणकावून म्हणाले. वसुमतीबाईंनी पदर तोंडाला लावला.

बाहेर मॅटिनीची गर्दी जमली होती. जटक्यात चढताना अहल्याक्का थबकली. तिनं वळून थेटरच्या दाराकडे पाहिलं. तिथं यल्लाप्पा पौराणिक खेळाची पाटी लावत होता.

"शेषण्णा, हा आपला पुन्हा कधी लागेल?"

"कल्लाप्पाशेठना उद्या सकाळी परत दाखवायचाय. आजची मेल सोडताहेत ते. का गं? तुला तर त्या फितीचा विटाळ."

"मग उद्या मीही येते," अहल्याक्का म्हणाली आणि सावरून बसली. "पहिल्यापासून बघायचाय मला. एक लुगडं जास्त वाळेल काठीवर, एवढंच ना?"